ताईच्या रोपांना पाणी कोणी घातलं?

उद्देश

विज्ञानाला काळीज नसतं. ते मी बसवून देणार होतो!

त्याचं असं झालं. ताई ज्या संशोधन संस्थेत आहे, तिथल्या संचालकसाहेबांनी फर्मान काढलं: प्रत्येक शास्त्रज्ञाने एकेक कवी जोडीला घ्यावा आणि दोघांनी मिळून काहीतरी नवं घडवावं. बाकीच्यांना कवी शोधत फिरावं लागलं. ताईच्या घरात मी आयताच पडून होतो.

"चल," ताई म्हणाली, "पण काही बिघडवलंस तर बघ!"

"ताई, माझ्या हातून आजवर काही घडलेलंच नाही. बिघडेल कुठून?"

साहित्य

एक काचघर. डाव्या रांगेतल्या रोपांना रोज पाणी, उजव्या रांगेला थेंबही नाही. पाण्यावाचून कोण तगतं, ते ताईला बघायचं होतं. जे तगेल त्याचं बियाणं कोरड्या मुलखात जाणार. कित्येक वर्षं ती याच्यामागे होती. रोपांच्या वेळापत्रकात बसत नाही म्हणून तिने स्वतःचं लग्नसुद्धा लांबवलं होतं! या हंगामात उजवी रांग जगली नाही, तर काचघर शेजारच्या खात्याला जायचं होतं.

शिवाय एक स्टूल. त्यावर मी.

कृती

उजव्या रांगेच्या माना पडलेल्या, पानं खिशात धुतल्या गेलेल्या कागदासारखी. तहानेवरची कविता झरझर उतरली! फक्त शेवटचं कडवं अडलं. तेवढं सोडून बाकीची मी चहाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवली.

काय सांगू! माझी कविता सुरू झाली की लोक घड्याळ बघतात, हा माझा अनुभव. इथे रखवालदारकाका चक्क नाक पुसत होते! सहायक बाईंचा चहा कपातच थंड झाला. "अरेरे, बिचारी!" म्हणत संचालकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ताई तेवढी दगडासारखी.

"छान," ती म्हणाली. "पण उजव्या रांगेला कोणी हात लावायचा नाही."

निरीक्षण

आठवड्याभरात उजवी रांग हिरवीगार!

साहेबांनी ताईचं अभिनंदन केलं. काकांनी केलं. बाईंनी केलं. ताई कोणाच्या नजरेला नजर देईना. विनय असेल, असं मला वाटलं.

मग पानं पिवळी पडली. मग देठ मऊ झाले. मग अख्खी रांग शेवटच्या तासाला बसलेल्या वर्गासारखी आडवी! ताईने एक रोप उपटलं. मुळांचा चिखल झाला होता.

सगळे माझ्याकडे वळले.

"पाणी घातलंस?" ताईने विचारलं.

"आईशप्पथ, नाही!"

"कविराज, आई दोघांची आहे. जपून बोल!"

रखवालदारकाका पुढे झाले. "पोराला नका बोलू, मॅडम. मी घातलं. एकच तांब्या. रोज."

"तुम्ही पण?" सहायक बाई किंचाळल्या. "अहो, मी बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या केल्या की!"

संचालकसाहेबांनी घसा खाकरला. "मी... नळीच सोडत होतो. जेवणाच्या सुट्टीत."

ताई मटकन स्टुलावर बसली.

"जाऊ दे ताई," मी म्हणालो, "निदान तू तरी..."

"मीसुद्धा," ती त्या चिखलाकडे बघत म्हणाली. "रविवारी. कोणी नसताना. तुझं ते दुसरं कडवं आठवलं की राहवायचं नाही रे."

निष्कर्ष

काचघर गेलं. शेजारच्या खात्याने त्यात मोडक्या खुर्च्या ठेवल्या. जन्मात एकदाच माझ्या कवितेने माणसं हेलावली, आणि त्यांनी माझ्या बहिणीची सगळी वर्षं बुडवून मारली.

आम्ही घरी आलो. ताई दारात किल्ली लावता लावता थांबली.

"सगळ्यांना दया आली. मलासुद्धा! आणि तू, लिहिणारा? तुला एकदाही पाणी घालावंसं वाटलं नाही?"

"वाटायचं गं."

"मग?"

"शेवटचं कडवं व्हायचं होतं ना!"

ते अजून झालेलं नाही.