वामनरावांची मळमळ

दवाखान्यातून सुटी झालेले हृदयाचे पेशंट रोज सकाळी मोबाइलवरच्या प्रश्नांना होय-नाही दाबून तब्येत कळवू लागले, तेव्हापासून दिग्रसच्या त्या वॉर्डात शोभा सिस्टरला बसून चहा पिता येऊ लागला होता. पूर्वी साध्या ढेकरेसाठीही माणसं धावत यायची. आता ती पडद्यावर नजर टाकायची. नावापुढे हिरवं दिसलं की निवांत, लाल दिसलं की फोन.

त्या सकाळी वामनराव लाल झाले. मळमळ, होय. चक्कर, होय. भूक, नाही.

सिस्टरने कप तसाच खाली ठेवला नि फोन लावला. तो उचलला त्यांच्या बायकोने, बेबीताईंनी.

"काका कुठायत?"

"वावरात गेलते, आत्ताच आले. भाकर खाऊन राह्यले. तिसरी."

"त्यांना चक्कर येते, मळमळतं! ताबडतोब घेऊन या."

"मले काहीच नाही झालं वो!" मागून वामनराव ओरडले. पण अटॅक येऊन गेलेला माणूस दुखणं लपवतो, हे सिस्टरला ठाऊक होतं. आणि आपला नवरा तर काहीही लपवतो, हे बेबीताईंना.

थोड्याच वेळात ऑटो दारात उभा राहिला. त्यातून वामनराव, बेबीताई नि नवी सून अर्पिता उतरली. मागून मोटारसायकलींवर सगळे भाऊबंद. वॉर्ड गच्च भरला. वामनरावांच्या छातीला वायरी लागल्या.

"काहून लपवता जी? मले सांगाले काय झालतं?" बेबीताईंनी गळा काढला. शेजारच्या खाटेवरच्या भुरीबाई झोपेतून दचकून उठल्या आणि कोणी तरी गेलं समजून त्याही रडू लागल्या.

डॉक्टरांनी कागदाची पट्टी पाहिली. "यांचं हृदय माझ्यापेक्षा बरं चाललंय."

सिस्टर चक्रावली. "मग मोबाइलवर उत्तरं कोणी दिली?"

अर्पिताने पदर सावरला. "मी. बाबाचा मोबाइल घरीच होता. त्याच्यात लिवलं होतं, तुम्हाला मळमळतं का? मले वाटलं, घरातल्या साऱ्यायलेच इचारून राह्यले. मले त लय मळमळते, म्हणून होय दाबलं."

सिस्टरने तिच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि हात धरून आतल्या खोलीत नेलं. परतली ती हसतच.

"काका, तुम्ही आजोबा होणार!"

बेबीताईंनी रडणं न थांबवताच हसायला सुरुवात केली. "चला, यांना घरी न्या," असं डॉक्टर म्हणताहेत तोच उशाजवळचं यंत्र किंचाळलं. वामनराव वायरींसकट उठून बसले होते आणि नाडी सुसाट सुटली होती.

"काका, झोपा! आता खरंच ठेवून घ्यावं लागेल."

"ठेवा न, कोन नाही म्हन्ते? पयले माह्या पोराले फोन लावा. नाही, थांबा, मीच सांगतो!"