बत्तीस पियाल्यांना तीन हात रंग

"माझी मुलगी मोटारीतून सासरी जाणार नाही! माझ्या तारेखालून जाईल!"

रोझमतनं हे साखरपुड्याच्या भर पंगतीत जाहीर केलं, तेही तोंडात पुलावाचा घास असताना आणि समोर व्याही बसलेले असताना. व्याही सोतिमबाय म्हणजे ऊर्गेंचच्या अड्ड्यावर चार व्हॅन चालवणारा माणूस. त्याच्या लेखी ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या तारेतून वीज घेऊन पळणारी बस, हे वाहन नव्हतंच. तारेला बांधलेली म्हैस होती.

"व्याहीबुवा, तुमची म्हैस वाटेत बसली तर?" सोतिमबायनं मिशीवरून हात फिरवत विचारलं.

"पंचवीस वर्षांत बसली नाही!"

"नाही, पण समजा बसली?"

"बसली तर ही मुकादमाची टोपी तुमच्या डोक्यावर, आणि मी तुमच्या व्हॅनमध्ये मागे, सामानात!"

पंगतीतल्या साठ माणसांनी हे ऐकलं. आमच्याकडे साठ माणसांनी ऐकलं म्हणजे दगडावर कोरलं! रोझमतची बायको ओयजमाल दाराआडून पुटपुटली, "झालं. आता लग्न मुलीचं नाही, टोपीचं."

पण रोझमतला काळजी कसली? ऊर्गेंच ते खिवा या रस्त्यावरच्या तारेचा तो मुकादम. तारेतला करंट खांबात उतरू नये म्हणून मध्ये चिनीमातीचे इन्सुलेटर असतात, तपकिरी, उपड्या ठेवलेल्या चहाच्या पियालीसारखे. सगळे त्यांना पियाल्याच म्हणत. आमच्या वाऱ्यात माती कमी आणि मीठ जास्त. ते मीठ पियालीवर बसलं आणि वर दव पडलं की करंटला खांबात उतरायला वाट मिळते. म्हणून रोझमत दर वसंतात आणि दर शरदात शिडीच्या गाडीवर चढून एकेक पियाली स्वतःच्या हातानं पुसायचा. पोटच्या पोरीचं तोंड त्यानं इतक्या वेळा पुसलं नसेल.

चहाखान्यात तर त्याचं ठरलेलं व्याख्यान होतं. "तार म्हणजे सासू. खांब म्हणजे सून. आणि मधली पियाली म्हणजे नवरा! तो काही अंगाला लावून घेत नाही, म्हणून घर जळत नाही. सगळ्या लाइनीत मान कुणाचा? पियालीचा!"

मोहल्ल्यातल्या न्हाव्यापासून नानवाल्यापर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं. घोटाळा तिथेच झाला.

लग्न रविवारी. शनिवारी रोझमतनं हशार पुकारला. हशार म्हणजे एकाच्या कामाला अख्खा मोहल्ला धावून येतो, बिनमजुरीनं. काम होतं मोहल्ल्यापुढच्या सोळा खांबांना चंदेरी रंग द्यायचं. आमच्याकडे कुणी मोठा माणूस यायचा असला की झाडाच्या बुंध्याला चुना आणि लोखंडाला चंदेरी रंग हे ठरलेलंच. मग मुकादमाची मुलगी काय लहान? रोझमतनं स्वतःच्या सहीनं रविवारी सकाळी नऊपर्यंत त्या टप्प्याचा करंट बंद ठेवला आणि शिडीची गाडी दारात आणून उभी केली.

आता हशाराची रीत अशी, की यजमानानं कामाला हात लावायचा नाही. लावला तर आलेल्यांचा अपमान! यजमानानं चहा ओतायचा, पुलाव ढवळायचा आणि खालून वाहवा करायची. रोझमतनं तिन्ही कामं जीव ओतून केली.

"एक इंच सोडू नका रे!" तो कढईपाशी उभा राहून ओरडायचा. "उद्या सगळं चमकलं पाहिजे!"

"तू फक्त मांस मऊ शिजव!" शिडीवरून मतपानोबाबा ओरडले. हे मोहल्ल्याचे सर्वांत वडीलधारे. वय अठ्ठ्याहत्तर, पण ब्रश दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तयार नाहीत.

संध्याकाळी सोळा खांब नव्या ताटांसारखे लखलखत होते. रोझमतचे डोळे भरून आले. कढईच्या धुरानं आधीच निम्मे भरले होते, त्यामुळे वर काय काय लखलखतंय ते काही त्याला नीट दिसलं नाही.

रविवारी सकाळी साडेनऊला वऱ्हाड दारात हजर! सुरनाई, डफ, नाचणाऱ्या मावश्या. मागे सोतिमबायच्या चारही व्हॅन, टाक्या काठोकाठ भरलेल्या, फुलं लावलेल्या आणि नजर तारेवर ठेवलेल्या. आधी खिव्याच्या दर्ग्याला जाऊन यायचं आणि मग सासरी, असा बेत होता. खरं तर मुलीच्या बापानं पाठवणीला बरोबर जायचं नसतं. पण रोझमतनं त्यावर तोड काढली होती. तो बाप म्हणून जाणारच नव्हता, ड्युटीवरचा मुकादम म्हणून जाणार होता. कोऱ्या सुटावर त्यानं टोपी चढवली होती.

खिशातला फोन सारखा वाजत होता. सबस्टेशनवरची बाई. सुरनाईपुढे काही ऐकू येईना. "आभारी आहे, ताई! आशीर्वाद असू द्या!" असं म्हणून रोझमतनं फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. "हो हो, पुलाव राखून ठेवतो!" पुन्हा वाजला. माणसं किती प्रेम करतात, या विचारानं त्यानं टोपी आणखी सरळ केली.

इतक्यात वळणावरून ट्रॉलीबस आली. कपाळावर फुलांची माळ, काचा आरशासारख्या. आवाज नाही, धक्का नाही, लोण्यातून सुरी जावी तशी सरकत सरकत ती बरोबर रोझमतच्या दारापुढे थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"बघा, व्याहीबुवा," रोझमत म्हणाला, "याला म्हणतात थांबणं!"

मुहय्यो, म्हणजे नवरी, चढली. नवरा चढला. मावश्या डफांसकट चढल्या. रोझमत ड्रायव्हर रैहोनच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं सेनापतीसारखा हात वर केला. "चल, रैहोन!"

"कशी चलू, दादा?" रैहोन समोर बघतच हळूच म्हणाली. "मी थांबवली नाही. थांबली. नानवाल्याच्या दुकानापासून करंटच नाही. आपली गतीवर घरंगळत आले."

रोझमतच्या टोपीखाली घाम फुटला. फोन वाजतच होता. या वेळी त्यानं कानाला घट्ट दाबून धरला.

"अकरा वेळा फोन केला!" सबस्टेशनची बाई किंचाळली. "नऊला करंट सोडला, ब्रेकर पडला. परत लावला, परत पडला! आणि तुम्ही मला पुलाव देताय? करंट कुठेतरी खांबात उतरतोय!"

"माझ्या टप्प्यात? शक्यच नाही! माझ्या पियाल्या..." असं म्हणत रोझमतनं खिडकीतून मान वर केली.

पियाल्या तपकिरी नव्हत्याच. सोळा खांबांवरच्या बत्तीसच्या बत्तीस पियाल्या चांदीसारख्या झळाळत होत्या! त्या रंगात असते अल्युमिनियमची पूड, आणि तिच्यातून करंट सुखानं वाहतो. नवऱ्याला चांदीचं चिलखत चढवलं होतं. आता सासू थेट सुनेच्या अंगावर!

त्यानं मतपानोबाबांना खिडकीपाशी बोलावलं. "बाबा... पियाल्या पण रंगवल्या?"

"म्हणजे काय!" बाबांची छाती फुगली. "खांबांना एकच हात दिला. पण पियालीला तीन! पंचवीस वर्षं तूच सांगतोस ना, मान पियालीचा म्हणून?"

हशाराला आलेल्या माणसाच्या कामात खोट काढायची नाही, आणि तेही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या! दुसरीकडे मागच्या व्हॅनचा हॉर्न वाजायला लागला. सोतिमबाय पायरीपाशी आला. त्याचा चेहरा ईदच्या चंद्रासारखा उजळला होता.

"व्याहीबुवा, बसली वाटतं?" त्यानं हात पुढे केला. "टोपी?"

पंगतीतली साठ माणसं आणि त्यांच्या भरीला आलेली शंभर माणसं टाचा उंचावून बघायला लागली. मुहय्योनं बापाकडे पाहिलं. तिला टोपीचं काही नव्हतं, पण बापाचा पडलेला चेहरा तिला बघवेना. तिची ती नजर बघून रोझमतच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाही नवीन होतं.

"बसली कुठे? थांबवलीये! रीत आहे!"

"कसली रीत?"

"आम्हा तारवाल्यांची! मुकादमाची मुलगी तारेखालून जायची असली, की आदल्या दिवशी पियाल्यांना चांदी चढवायची आणि नवरी बसल्यावर ती उतरवायची. म्हणजे... म्हणजे मुलीचं तोंड दिसण्याआधी पियालीचं तोंड दिसतं! आणि ती उतरवायची कशानं? मुलाकडच्या पेट्रोलनं!"

रैहोन खोकली. इतकी खोकली, की तिला स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं.

सोतिमबायनं डोळे बारीक केले. "हे मी कधी ऐकलं नाही."

"कुठून ऐकणार? तुमच्यात तार आहे का?"

आता रीत म्हटल्यावर माघार घ्यायची कशी? व्याही पेट्रोलाला मागे सरला, असं चहाखान्यात चाळीस वर्षं ऐकावं लागलं असतं. सोतिमबायची मान ताठ झाली. "किती लागतं?"

"फडकी भिजतील एवढं. एक बादली पुरे."

"एक बादली? माझ्या मुलाच्या लग्नात?" सोतिमबाय गरजला. "खांबाला एक बादली! काढा रे टाक्यांतलं!"

झालं, अख्खा मोहल्ला फडकी घेऊन धावला. रोझमतनं सबस्टेशनला फोन करून आधी करंट बंद असल्याची खात्री केली, कोट काढला आणि शिडीच्या गाडीवर चढला. बाकीच्यांनी घराघरांतून शिड्या आणल्या. तेवढ्यात नवऱ्याची आत्या दृष्ट काढायला धूप धुमसवत खांबाकडे निघाली. "आत्याबाई, लांब! लांब! इथे दृष्ट नाही, आम्हीच निघून जाऊ!" असं रोझमत वरून ओरडला, तेव्हा दोघांनी तिला उचलूनच नेलं. सव्वा तास घासणं चाललं होतं. बत्तीस तपकिरी तोंडं पुन्हा दिसायला लागली. रोझमतनं शेवटची पियाली पुसली आणि नकळत तिच्यावरून मायेनं हात फिरवला.

"सोडा करंट, ताई!"

ट्रॉलीबसचे दिवे लागले. सुरनाईनं सूर धरला आणि गाडी निघाली! पण मागे व्हॅनचा आवाज काही येईना. चारही टाक्या खडखडीत. शेवटचा थेंब बाराव्या खांबाला गेला होता, आणि उरलेल्या चार खांबांना ओयजमालनं आपलं रॉकेल दिलं होतं. रैहोननं ब्रेक मारला. सोतिमबाय, त्याचे चार ड्रायव्हर, भाऊ, मेहुणे, सगळे हात चंदेरी झालेले, निमूटपणे ट्रॉलीबसमध्ये चढले.

"जागा आहे का, व्याहीबुवा?" सोतिमबायनं विचारलं.

"माझ्या गाडीत? मुलाकडच्यांना नेहमीच!" रोझमत म्हणाला, आणि खिव्यापर्यंतचा सगळा रस्ता त्याची टोपी जवळजवळ छताला टेकली होती.

खिव्यात नवरा-नवरी दर्ग्याच्या विहिरीचं पाणी प्यायले. फोटो काढले. प्रत्येक फोटोत नवऱ्याच्या काळ्या सुटावर पाठीत पाच चंदेरी बोटं होती, सासऱ्याच्या मिठीची. परत निघताना सोतिमबाय सगळ्यांदेखत म्हणाला, "मानलं तुम्हाला. म्हैस नाही, घोडी आहे! आणि तुमची रीत तर फारच देखणी. धाकट्याच्या लग्नातही करू." रोझमतनं खिडकीतून जाणाऱ्या एकेका पियालीकडे पाहिलं. मुहय्योनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. पंचवीस वर्षांची चाकरी फिटली, असं त्याला वाटलं.

उन्हं कलली होती. मोहल्ल्यात थांबून आईचा निरोप घ्यायचा आणि मग सासरी, असं ठरलं होतं. वळण आलं. नानवाल्याचं दुकान आलं. आणि गाडीतले दिवे गेले.

आवाज नाही, धक्का नाही. ट्रॉलीबस सरकत सरकत बरोबर रोझमतच्या दारापुढे थांबली. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. रैहोननं मात्र वाजवल्या नाहीत.

शिडीच्या गाडीवर मतपानोबाबा उभे होते, कोपरापर्यंत चंदेरी. वरती बत्तीस पियाल्या मावळतीच्या उन्हात दिमाखात झळकत होत्या.

"आलास? अगदी वेळेवर!" बाबा ओरडले. "सबस्टेशनला सांगितलं, रोझमतच्या लग्नाचं काम आहे. बिचारीनं लगेच करंट बंद केला. मुलगी परत जाताना उतरवायला चांदी नको का? रीत म्हणजे रीत! या वेळी चार हात दिलेत!"

रोझमतनं दारात उभ्या असलेल्या ओयजमालकडे पाहिलं.

"मी अडवलं होतं," ती म्हणाली. "मला म्हणाले, नवऱ्याच्या घराण्याची रीत मोडतेस?"

सोतिमबायनं उत्साहानं बाह्या सरसावल्या. "चला, व्याहीबुवा, फडकी आणा! पेट्रोल..." आणि तो थांबला. चारही व्हॅन फुलांसकट सकाळी होत्या तिथेच उभ्या होत्या. रॉकेलचा डबाही दारात उपडा पडला होता. सोतिमबायनं एकदा पियाल्यांकडे पाहिलं, एकदा रोझमतच्या कानांकडे. कान लालबुंद झाले होते. हळूहळू सोतिमबायच्या मिशा थरथरायला लागल्या.

"आता काय करतात हो तारवाले?" त्यानं फार गोड आवाजात विचारलं. "चांदी उतरत नसली, की गाडी ढकलायची पण काही रीत असेलच ना?"

साठ आणि शंभर माणसं रोझमतकडे बघत होती. मुहय्योनं ओढणी तोंडाशी धरली होती आणि तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

"आहे ना," रोझमत म्हणाला. त्यानं टोपी काढली, व्याह्यांच्या डोक्यावर ठेवली आणि तो खाली उतरून गाडीच्या मागे गेला. "पहिला खांदा मुलीच्या बापाचा."

पुढून रैहोनचा आवाज आला, "दादा, ब्रेक सोडलाय! करा रीत सुरू!"