डुक्करचोराची सुटका

"बाबांना सोळाशे चौतीस सालातून बाहेर ओढायचं नाही," टेसाने फाटकापाशीच दम भरला. "मोबाइल, गाडी, फुटबॉल, एक शब्द जरी काढलास तर मेलास. आणि लग्नाचा विषय संध्याकाळी, ते कपडे बदलल्यावरच!"

गॅरेटचे होणारे सासरे लेलंड एरवी नळदुरुस्ती करत. पण मेरीलँडमधल्या या नदीकाठच्या संग्रहालय-गावात दर स्थापनादिनाला ते त्या सालच्या वसाहतीतले डुक्करचोर बनत, आणि मग घराला आग लागली तरी भूमिका सोडत नसत.

वसाहतकऱ्यांच्या पहिल्या गलबतांचं स्वागत झालं आणि गव्हर्नर बनलेल्या गृहस्थासमोर खटला उभा राहिला. पंच प्रेक्षकांतूनच निवडायची तिथली रीत. शिपायाने नेमकी गॅरेटचीच कॉलर धरली आणि त्याला बाकावर बसवलं. समोर फाटक्या सदऱ्यात, साखळदंडात लेलंड. पहिल्याच भेटीत सासऱ्याला चोर ठरवायचं? बाकीचे पंच भाजलेल्या मांसाच्या वासाने कासावीस झाले होते, 'दोषी' म्हणून मोकळे व्हायला अगदी तयार. गॅरेट ताडकन उठला.

"डुक्कर याच्या अंगणात सापडलं म्हणून यानेच चोरलं कशावरून? डुकराला पाय नसतात? आणि कुंपण कुणाचं मोडकं होतं? फिर्यादीचं!"

पंचांना पटलं. "निर्दोष!"

लोकांनी टोप्या उडवल्या. गॅरेटने मोठ्या आशेने सासऱ्याकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पार उतरलेला. टेसा धावत आली.

"अरे गाढवा! शिक्षा झाली की खोड्यात मान अडकवून ते पश्चात्तापाचं भाषण करतात. महिनाभर घोकत होते! त्या बघ, म्हाताऱ्या रुमाल घेऊन आल्यात!"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. तिकडे लेलंडने गव्हर्नरचे पाय धरले होते. "सरकार, मीच चोरलं हो! डुकराच्या कानावरची मालकाची खूणसुद्धा मीच मोडली!"

असा निकाल गव्हर्नरने जन्मात ऐकला नव्हता. केसांच्या टोपाखालून त्याला घामाच्या धारा लागल्या. "पंचांनी सोडलंय तुला. गुमान घरी जा."

"पण मला शिक्षा हवीय, सरकार!"

"मिळायची नाही!"

झालं, लग्न बुडालं, असं गॅरेटला वाटलं आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला, "सरकार, यानं मला लाच दिली!"

"कसली?"

"डुकराची... तंगडी!"

गव्हर्नरचा जीव भांड्यात पडला. "घाला दोघांना खोड्यात!"

लेलंडचं भाषण असं रंगलं की म्हाताऱ्यांचे रुमाल भिजले. गॅरेटही रडला, निम्मं मान अवघडली म्हणून. मग तोफ उडवायची वेळ झाली आणि गर्दी नदीकडे पळाली. तिच्यामागे शिपाईही गेला. खोड्यात दोघेच उरले.

मान न वळवता लेलंडने विचारलं, "काय रे पोरा, या वसाहतीत कशाला आलास?"

साल अजून सोळाशे चौतीसच होतं. संध्याकाळ व्हायची होती. तरी गॅरेट बोलून गेला.

"तुमची मुलगी मागायला, मालक."

"जमीन आहे?"

"भाड्याची खोली आहे."

"डुकरं?"

"एकही नाही."

लेलंडने खोल सुस्कारा सोडला.

"मग एक चोरावं लागेल," ते म्हणाले. "कुंपण कुणाचं मोडकंय, ते तुला ठाऊक आहेच."