सबनीसकाकांच्या तीन आमट्या

सबनीसकाकांना "चहा कसा झालाय?" असं विचारायची सोय नव्हती. "कशाच्या तुलनेत?" ते विचारत, आणि त्यावर चर्चा होईपर्यंत चहा गार होई.

अमेरिकेतल्या कॅरी गावात ते आमच्या शेजारी राहत. औषधांच्या कंपनीत संख्याशास्त्राची नोकरी, घरीही तेच. एका गणपतीत आमच्यातल्या तिघींनी मोदक आणले, तर काकांनी प्रत्येकाच्या हातात गुण द्यायला कागद ठेवला.

"एकाच बाईचे मोदकसुद्धा सारखे नसतात, अनिल. तिघींमधला फरक त्याहून बराच मोठा निघाला, तरच बोलायचं. याला ॲनोव्हा म्हणतात."

"मग सगळ्यांत चांगले कुणाचे?" मी विचारलं.

"ते नाही सांगत. कुठेतरी फरक आहे, एवढंच कळतं."

मला पद्धत आवडली. भांडणं टळतात.

२००६च्या उन्हाळ्यात काकांच्या पत्नी, मालतीकाकू, वारल्या. त्यांनी केलेल्या गोड्या मसाल्याची एक बरणी मागे राहिली. काका रोज संध्याकाळी धणे, खोबरं, दगडफूल भाजत बसत. ती बरणी संपायच्या आत तसाच मसाला त्यांना साधायचा होता.

ऑक्टोबरात एका रविवारी त्यांनी आम्हा आठ जणांना जेवायला बोलावलं. ओट्यावर आमटीची तीन पातेली. दोन काकांच्या मसाल्याची, एक बरणीत उरलेल्या मसाल्याचं. कुठलं कुठलं, ते सांगितलं नव्हतं.

"दहापैकी गुण. आणि खरे द्या," त्यांनी बजावलं.

"यार, हिच्यात लवंग फार झालीय," नागपूरचा देशमुख कुजबुजला आणि त्यानं सात लिहिले. माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्याला कोपर मारलं. सातचे नऊ झाले. एकट्या राहणाऱ्या माणसाला सात कोण देणार? सगळ्यांनी तिन्ही आमट्यांना नऊ-दहाच दिले.

काकांनी लॅपटॉपवर आकडे घातले. "फरक सापडला नाही."

"म्हणजे जमलं की हो काका! अगदी काकूंसारखी!" सुनंदा म्हणाली.

"सापडला नाही म्हणजे नाहीच, असं नव्हे गं. तुम्ही मला सांभाळून घेतलंत. आकड्यांना ते कळत नाही. मला तर फोडणीच्या वासावरच फरक कळला होता."

मधल्या, काकूंच्या मसाल्याच्या पातेल्यात तळाशी थोडी आमटी होती. ती त्यांनी स्वतःच्या वाटीत निपटून घेतली.

"पुन्हा करून बघू या, काका. मी येते मदतीला. पुढच्या वेळी काकूंच्या चवीच्या जास्त जवळ जाईल," सुनंदा म्हणाली.

काकांनी बरणी उचलली, उजेडात धरून पाहिली. तळाला बोट फिरवलं. काही लागलं नाही. मग झाकण घट्ट लावलं.

"कशाच्या तुलनेत?" त्यांनी विचारलं.