डोळ्यांदेखत बेपत्ता झालेली फाइल

"संगणकाच्या पोटातल्या काळ्याबेऱ्याचा छडा लावणारा माणूस शतकातून एकदाच जन्मतो," सिस्टिम विभागाचे साहेब म्हणाले, आणि या शतकातली ती जागा भरली असल्याचं त्यांनी खुर्चीत रेलून नम्रपणे सुचवलं. लॅबमधले लोक त्यांना पाठीमागे 'गुप्तहेर' म्हणत. साहेबांच्या ते कानावर आलं, तेव्हा त्यांनी दारावर तशी पाटीच लावून घेतली.

त्यांच्या असिस्टंटला आज शतकाची पडलेली नव्हती. त्याची ताई तीन वर्षांनी परदेशातून येत होती, तीही दोन विमानांच्या मधल्या वेळेपुरती. दुपारी एकत्र जेवायचं ठरलं होतं. पण पेशंटना रक्ताचे रिपोर्ट पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरला ओळीओळीने सूचना देणारी फाइल, सकाळपासून अडून बसली होती, आणि ती चालेपर्यंत जागचं हलायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता.

"सर्व्हर म्हणतोय, अशी फाइलच नाही," असिस्टंट म्हणाला. "पण ही काय, समोर दिसतेय."

"म्हणजे अपहरण! समोर आहे तो तोतया."

तोतया छापून काढला गेला. साहेबांनी कागद उजेडात धरला, वासही घेतला. तोतया अस्सल निघाला. मग सर्व्हरच खोटं बोलतोय असं ठरलं. त्याला बंद करून पुन्हा चालू केलं, तरी त्याने जबानी बदलली नाही. पुढे संशय एसीवाल्यावर गेला, कारण काल तो सर्व्हरच्या खोलीत होता आणि फारच कमी बोलत होता. साहेबांनी त्याला फोन लावला. एसीवाल्याने तो उचललाच नाही.

"बघ, अजूनही बोलत नाहीये," साहेब म्हणाले. मग त्यांची नजर असिस्टंटवर स्थिरावली. "स्क्रिप्ट तू लिहिलीस. आज बाहेर पडायची घाईही तुलाच."

"साहेब, घाई असलेला माणूस स्वतःलाच कशाला अडकवेल?"

"तेवढंच कळत नाहीये."

इतक्यात दार ढकलून ताई बॅगेसकट आत आली. "फोन का उचलत नाहीस रे? जेवणाचं राहू दे, तोंड तरी दाखव!"

त्याला एकदम भरून आलं. पण तोंडातून निघालं ते "ताई, स्क्रिप्ट चालत नाहीये" एवढंच.

ताई तिकडे याच कामात होती. तिने उभ्याउभ्याच स्क्रीन पाहिला. "कुणीतरी ही विंडोजवर उघडून सेव्ह केलीय. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण ठेवतं. आपल्याला ती दिसत नाही, पण तुमच्या लिनक्स सर्व्हरला दिसते. पहिल्या ओळीत ही फाइल चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आहे, त्याला ही शेपटी चिकटली. असा शेपटीवाला प्रोग्रॅम त्याच्याकडे नाही. तो तुझ्या फाइलीबद्दल बोलतच नव्हता!"

तिने एक कमांड दिली. शेपट्या गळल्या, रिपोर्ट भराभर निघाले.

"पण विंडोजवर उघडली कुणी?" असिस्टंट म्हणाला आणि थबकला. दुसऱ्या ओळीत 'मार्गदर्शन' असं लिहून पुढे साहेबांचं पूर्ण नाव होतं. काल ते तिथे नव्हतं. विंडोजचा लॅपटॉप लॅबमध्ये एकच, तो साहेबांच्या मांडीवर होता.

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "माझा संशय पहिल्यापासून माझ्यावरच होता. पुरावा नव्हता. तू जा, मी माझी जबानी घेतो."

जेवायची वेळ केव्हाच टळली होती. टॅक्सीत विमानतळापर्यंतचा निम्मा रस्ता ताई हसतच होती. मग डोळे पुसत म्हणाली, "आता पटापट सांग, आई कशी आहे?"

तो सांगू लागला, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, जरा सावकाश चालवा."