ग्लेनिसच्या लाल सूटची काँक्रीट-परीक्षा

चामड्यातलं मला कळतं! उगाच नाही म्हणत, चाळीस वर्षं मोटरसायकल चालवतोय. नुसता वास घेऊन सांगेन गाय आहे, बोकड आहे की कांगारू. यॉर्कशरमधल्या आमच्या गावात कुणालाही विचारा, "चामड्यातलं कुणाला कळतं?" लोक सांगतील, "डेस मर्गट्रॉइडला." त्यानंतर ते हसतील, तिकडे लक्ष देऊ नका.

तर, लग्नाला पस्तीस वर्षं होणार म्हणून मी बेत आखला. बायकोला, म्हणजे ग्लेनिसला, मागच्या सीटवर बसवायचं आणि थेट व्हिटबी गाठायचं. मधुचंद्राला आम्ही तसेच गेलो होतो, समुद्राकडे तोंड करून मासे आणि चिप्स खाल्ले होते, आणि एका सीगल पक्ष्याने माझा अर्धा मासा पळवला होता. ग्लेनिस इतकी हसली होती की तिला बाकावर बसावं लागलं.

अडचण एकच. ग्लेनिस गेली सव्वीस वर्षं माझ्या मागे बसलेली नाही. तेव्हा आमच्याच गावात, टपाल कचेरीच्या वळणावर, गाडी घसरली. मला साधं खरचटलंही नाही. तिची जीन्स मात्र शिवणीत मांडीपासून गुडघ्यापर्यंत उसवली आणि आतली कातडी रस्त्यावर राहिली. तो व्रण अजून आहे. गाडी मी चालवत होतो. त्यावरून तिने आजवर एका शब्दाने मला टोचलेलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

म्हणून मी तिच्यासाठी सूट आणला. लालभडक, अस्सल गाईच्या चामड्याचा, एकसंध. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाच्या किटलीशेजारी तो पसरला आणि आतलं लेबल तिच्या नाकासमोर धरलं.

"बघ! ट्रिपल ए! सी, बी, ए, डबल ए अशा पायऱ्या असतात, आणि ही सगळ्यात वरची! मशीनवर चामड्याचा तुकडा गरगर फिरवतात आणि ताशी पंचाहत्तर मैलांनी काँक्रीटवर सोडतात. तरी भोक पडता कामा नये!"

"लेबल," ग्लेनिस म्हणाली आणि तिने कप खाली ठेवला. "डेस, कोटांच्या कारखान्यात मी अकरा वर्षं काय करत होते?"

"शिवत होतीस."

"काय शिवत होते?"

"कोट."

"लेबलं! सकाळी पोतंभर लेबलं यायची, आणि समोर येईल त्या कोटाला लावायची. एका शुक्रवारी 'शुद्ध लोकर'वाली संपली तर आम्ही..." ती थांबली. "जाऊ दे. लेबल म्हणजे काय ते मला तू सांगू नकोस."

"अगं, मग तुझा विश्वास कशावर बसेल?"

"माझ्या डोळ्यांनी बघेन त्यावर!"

कुठलाही शहाणा नवरा इथे विचारेल, "म्हणजे नेमकं काय बघायचंय तुला?" मी विचारलं नाही. मला वाटलं, बाईला काँक्रीटची परीक्षाच हवी आहे. मग ती झालीच पाहिजे!

रविवारी सकाळी सूट गुपचूप उचलला आणि मेव्हण्याकडे गेलो. मेव्हणा म्हणजे ट्रेव्हर, ग्लेनिसचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे चाळीस मेंढ्या, एक पिकअप गाडी आणि खळ्यापासून फाटकापर्यंत सरळसोट काँक्रीटचा रस्ता.

"सूटमध्ये माणसाएवढं वजन भरायचं, दोरीने पिकअपला बांधायचं आणि फरफटत न्यायचं," मी म्हणालो.

"पंचाहत्तर मैलांनी? माझी गाडी उतारावरून ढकलली तरी चाळीसच्या वर जात नाही!"

"चाळीस तर चाळीस. वजन किती भरू? ग्लेनिसचं वजन किती असेल रे?"

ट्रेव्हर दोन पावलं मागे सरकला. "ते माझ्या तोंडून वदवू नकोस! नाताळचं जेवण मला तिच्याकडेच असतं."

शेवटी मेंढ्यांच्या खुराकाच्या गोण्या सूटमध्ये ओतल्या. किती, ते मीही सांगणार नाही, कारण नाताळचं जेवण मलाही तिच्याकडेच असतं. गळ्यातून खुराक सांडू नये म्हणून वर ग्लेनिसचं जुनं हेल्मेट बसवलं. हातमोजे घातले, बूट चढवले. काम झाल्यावर दोघांनीही जरा लांबून बघितलं.

"अगदी ताईच दिसतेय रे," ट्रेव्हर पुटपुटला. आणि त्याने हेल्मेटची काच खाली केली.

आता एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. त्या रस्त्याच्या फाटकासमोर चॅपल, म्हणजे छोटं चर्च आहे, आणि तिथली प्रार्थना रविवारी साडेअकराला संपते. शिवाय आमच्या शेजारच्या हॅलिवेलबाई नेहमी सगळ्यांत आधी बाहेर पडतात, कारण कोण कोणाबरोबर बाहेर पडतंय ते त्यांना बघायचं असतं. ग्लेनिसचा लाल सूट त्यांनी कुंपणावरून दोनदा पाहिलेला होता.

अकरा वाजून एकतीस मिनिटांनी त्यांना काय दिसलं? ग्लेनिस रस्त्यावर आडवी, पायांना दोरी. दोरी तिच्या सख्ख्या भावाच्या पिकअपला बांधलेली, पिकअप सुसाट. आणि मागून हातात स्टॉपवॉच घेऊन धावत येणारा तिचा नवरा ओरडतोय, "अजून वेगात, ट्रेव्हर! अजून काही फाटलं नाही!"

इतक्यात हेल्मेट निघालं. फाटकाकडे टणटण उड्या मारत गेलं आणि हॅलिवेलबाईंच्या पायाशी येऊन थांबलं. सूटच्या गळ्यातून खुराक सांडू लागला. खुराकाचा आवाज ट्रेव्हरच्या मेंढ्या तीन शेतांपलीकडून ओळखतात! चाळीसच्या चाळीस मेंढ्या कुंपणाच्या भगदाडातून घुसल्या आणि ग्लेनिसवर तुटून पडल्या.

पुढचा भाग मला नंतर कळला. हॅलिवेलबाईंनी आधी पोलिसांना फोन केला, मग दुःखद वार्ता द्यायला आमच्या घरी.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला.

"मी हॅलिवेल! घरात जे कोणी असाल ते, मन घट्ट करा! ग्लेनिस गेली! डेसने तिला गाडीमागे ओढलं आणि आता मेंढ्या खातायत तिला!"

"हॅलिवेलबाई, मी ग्लेनिसच बोलतेय."

मग म्हणे फोनमधून अशी किंकाळी आली की चॅपलमधला पेटीवादक परत आत पळाला.

पोलिस मात्र खरोखर आले. म्हणजे एकच, कॉन्स्टेबल थ्वेटबाई, मोटरसायकलवरून. बाई गाडीवरून उतरल्या, मेंढ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"त्या मेंढ्यांखाली कोण आहे?"

"कुणी नाही! म्हणजे माझी बायको! म्हणजे तिचा सूट! मी त्याचं प्रमाणपत्र तपासत होतो!"

"हातातलं ते घड्याळ खाली ठेवा आणि हळूच मागे व्हा."

मी मागे झालो आणि एका मेंढीवर बसलो. तेवढ्यात पायात घरातल्या सपाता, अंगावर एप्रन आणि कपाळावर चष्मा अशी ग्लेनिस फाटकातून आत आली. हॅलिवेलबाई तिच्यापासून दहा पावलं अंतर ठेवून चालत होत्या, अजून त्यांची खात्री पटली नव्हती.

ग्लेनिस सरळ मेंढ्यांत घुसली. मेंढ्या हाकलल्या, सूट उचलला, झटकला, पिकअपच्या बॉनेटवर टाकला आणि उलटा केला. चष्मा खाली घेतला. खांदा, कंबर, मांडी असं करत एकेक शिवण नखाने ताणून बघू लागली. मांडीच्या शिवणीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. माझ्या सव्वीस वर्षांचा निकाल लागणार होता!

"आत दोन टिपा, वर एक," ती हळूच म्हणाली. "एकही टाका सुटलेला नाही. चांगल्या हाताची शिवण आहे." मग मान वर केली. "अरे मूर्खा, मला शिवण बघायची होती! सूट उलटा करून दाखवला असतास तर टेबलावरच 'हो' म्हटलं असतं."

"म्हणजे... तू येशील?"

"येईन."

काय सांगू तुम्हाला! मी ट्रेव्हरला मिठी मारली. मेंढीलाही मारली. डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते खुराकाच्या धुळीवर ढकललं.

"या सूटमध्ये नाही येता येणार," कॉन्स्टेबल थ्वेट म्हणाल्या. त्या पाठीवरून बोट फिरवत होत्या. "बघा, इथे अर्धं चामडं घासून गेलंय. असा एकदा रस्त्यावर घासला की त्याचं काम संपलं. पास झालाय, पण आता टाकून द्यायचा."

"पास झालाय तर टाकायचा का?"

"कारण तुम्ही त्याला पास केलंत!"

मी खांदे पाडले. मग कॉन्स्टेबलबाईंची नजर माझ्या काळ्या जॅकेटवर गेली. "आणि तुमच्या अंगावर काय आहे?"

इथे मला जोर चढला. "हे? एकोणीस वर्षं वापरतोय! यालाही प्रमाणपत्र आहे! सुरक्षेचा युरोपी शिक्का, सीईचा! मी स्वतः पाहिलाय!"

"दाखव," ग्लेनिस म्हणाली.

शोधाशोध सुरू झाली. कॉलरमध्ये नाही, अस्तरात नाही, खिशात नाही. शेवटी कॉन्स्टेबलबाईंनी बाहीत हात घालून कोपरावरची गादी बाहेर काढली. शिक्का तिच्यावर होता.

"हे प्रमाणपत्र गादीचं आहे," त्या म्हणाल्या. "जॅकेटला काहीच नाही. तुमची कोपरं तेवढी सुरक्षित."

ग्लेनिसने माझ्या खांद्यापाशी चिमटीत चामडं धरलं आणि एकच झटका दिला. टर्रर्र! बाही दंडापर्यंत खाली आली. ती त्या उसवलेल्या शिवणीकडे बघत राहिली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कापला.

"एकोणीस वर्षं तू हे घालून फिरतोयस?"

मी लोंबणारी बाही दुसऱ्या हाताने वर धरली.

गाडीची किल्ली सध्या ग्लेनिसच्या शिवणाच्या डब्यात आहे. माझ्यासाठी सूट येईल आणि ती तो आतून बघेल, तेव्हा मिळणार आहे. पण व्हिटबीला आम्ही ठरल्या दिवशीच गेलो. बसने! वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर. बाही तिने रात्रीतून शिवून दिली होती, आत दोन टिपा, वर एक, म्हणून जॅकेट मी घालूनच बसलो होतो.

माळावरच्या रस्त्याला वळणं फार. बस कलली की ग्लेनिस मला घट्ट धरायची, पूर्वी मागच्या सीटवरून धरायची तशीच. फक्त कमरेला नाही, कोपराला.

"कोपरालाच का गं?" मी न राहवून विचारलं.

"तुझा तेवढाच भाग तपासलेला आहे," ती म्हणाली.