बांगड्याचं तिखलं आणि अबोल धाकटी

सिनेमातली धाकटी जाऊ थोरलीशी पुन्हा बोलते की नाही, एवढंच जानकीला बघायचं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या तेजलने “काकू, बघाच, पण शेवटपर्यंत” असं बजावल्यापासून तिने हा सिनेमा बऱ्याचदा लावला होता. दरवेळी अर्ध्यावर कुणाला तरी चहा हवा असायचा. या रविवारी मात्र नवरा लवू, मुलगा सुबोध आणि सून प्रांजल असं मुलुंडचं सगळं घरच तिच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसलं, तेव्हा तिला बरं वाटलं. ती तिची चूक होती.

सिनेमा खऱ्या माणसांवरचा होता. एसटी स्टँडमागे खानावळ चालवणाऱ्या दोन जावा. पाट्यावरचं वाटण, मातीच्या हंडीतलं कालवण, दारात ट्रकवाल्यांची रांग. आणि सगळं छान चाललेलं असताना दोघींचं भांडण होऊन धाकटीने धरलेला अबोला. थोरली विझलेल्या चुलीपुढे एकटी बसली होती. एक म्हातारा ट्रकवाला तिला म्हणाला, “सगळ्यांना वाढता बाई, तुम्हाला कोण वाढतं?”

लवूने रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला.

“आज जानकी उठूची नाय,” तो म्हणाला. “आज जेवाण आमी करतलव. बांगड्याचा तिखला.”

“करा ना. पण सिनेमा चालू ठेवा की.”

“आम्हाला सोडून शेवट बघणार तू?” सुबोधने इतक्या दुखावलेल्या स्वरात विचारलं की जानकी पाय वर घेऊन सोफ्यावरच बसून राहिली. समोर थांबलेल्या पडद्यावर थोरलीही पदराचं टोक तोंडात धरून थिजून बसली होती.

सुबोध त्या झणझणीत कालवणासाठी बांगडे घेऊन आला ते अख्खेच. कोळीण ते कापायला बसली होती, पण सिनेमातली धाकटी मासे स्वतःच्या हाताने साफ करते म्हणून त्याने पिशवी तिच्या हातातून ओढून घेतली होती. मोरीत बाबांचं नारळ फोडणं चाललं होतं, म्हणून तो वॉशबेसिनपाशी उभा राहिला.

“आई, बांगड्याचं पोट कुठल्या बाजूला असतं?”

“तुझं आहे त्याच बाजूला.”

जरा वेळाने बेसिनमधलं पाणी उतरेनासं झालं. सुबोधने नळ बंद करण्याऐवजी आधी आईला हाक मारली. जानकीने जाऊन नळ बंद केला, बेसिनच्या जाळीतले कल्ले काढले आणि हात धुऊन परत आली.

तोवर लवूने गॅलरीतल्या मनीप्लँटच्या कुंडीखालून पाटा ओढून आणला होता.

“मिक्सर आसा ना,” जानकी म्हणाली.

“मिक्सराच्या वाटणाक चव नसता. थोरलीन काय सांगल्यान, आयकलंस ना?”

“थोरलेच्या घरात वीज नाय होती.”

स्वयंपाकघरात पाटा मावेना. लवू हॉलमध्येच टीव्हीखाली बसला आणि खानावळ उघडायची असल्याच्या जोमाने वरवंटा चालवू लागला. ओलं खोबरं चारी दिशांना उडालं. एक तुकडा थोरलीच्या गालावर जाऊन बसला. ती आता रडून रडून सुजल्यासारखी दिसत होती.

“तिरफळां पण वाटलात?” जानकीने वाकून बघितलं. तिरफळं नुसती ठेचून वरून सोडायची असतात, बियांसकट वाटली तर सगळं कडू होतं, हे मालवणी घरातल्या मांजरालाही ठाऊक असतं.

“मगे? वास येवक होयो ना.”

एवढ्यात आतून प्रांजलची हाक आली. शोकेसमध्ये कागदी फुलं घालून ठेवलेलं मातीचं मडकं तिने गॅसवर चढवलं होतं. भिजवलं नव्हतं, तापवून मुरवलं नव्हतं, आच मात्र मोठी होती.

“आई, यात मसाला परतला, पाणी घातलं. आता ते तडतडतंय. नॉर्मल आहे ना?”

जानकी दारात पोचली आणि मडकं मधोमध उकललं. लाल रस्सा शेगडीवरून ओघळत बर्नरमध्ये शिरला आणि गॅस विझला. प्रांजल हातातल्या डावाकडे बघत म्हणाली, “सिनेमात असं दाखवलंच नाही.”

“सगळ्यांनी बाहेर,” जानकी म्हणाली.

“पण आज तुझी विश्रांती…” सुबोधने सुरुवात केली.

“बाहेर.”

मग तिने गॅसचा खटका बंद केला, शेगडी पुसली, लवूचं कडू वाटण फेकलं, मिक्सर काढला, दुसरा बर्नर पेटवला. तिखलं रटरटू लागलं. हॉलमध्ये शांतता होती. कामाला लावलं नाही की माणसं किती शहाणी असतात, असं तिच्या मनात येतं आहे तोच बाहेरून सनईचे सूर आले.

“सिनेमा थांबवलेलाच आहे ना?” तिने विचारलं.

“हो, हो,” तिघांचे आवाज एकदम आले.

तिखलं उतरवून ती बाहेर आली तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. प्रांजलच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. लवूने वाटणाच्या हातानेच डोळे पुसले होते आणि आता त्याचं रडणं थांबवणं त्याच्याही हातात राहिलं नव्हतं.

“फक्त रिमोट चालतोय का बघत होतो गं,” सुबोध म्हणाला.

“आई, तुम्ही हे बघायलाच हवं होतं,” प्रांजल हुंदका आवरत म्हणाली. “अगदी तुमच्यासारखी बाई. शेवटी धाकटी काय करते माहितेय, ती ना…”

जानकीने तळहात वर केला. प्रांजल थांबली. जानकी आत गेली, तिखल्याचा टोप फडक्यात धरून बाहेर आली, पायात चपला सरकवल्या आणि जाताना दार ओढून घेतलं. लवूचे डोळे मिटलेले होते आणि बाकीचे दोघे त्यांवर पाणी मारत होते, त्यामुळे टोप कुणाला दिसला नाही.

थोड्याच वेळात तेजलच्या हॉलमध्ये दोन ताटं वाढली गेली. विझलेल्या चुलीपासून सिनेमा पुन्हा सुरू झाला. धाकटी खानावळीच्या दारात येऊन उभी राहिली आणि जानकीचा फोन वाजला.

“अगो, भात वाढून बसलव आमी,” लवू म्हणाला. “तिखला खंय गेला?”

पडद्यावर धाकटीने तोंड उघडलं.

“आताच सांगलंय तर मजा जायत,” जानकी म्हणाली, फोन उशीखाली सरकवला आणि तेजलला आवाज वाढवायला सांगितला.